पान एकशे चौऱ्याण्णवसमोर

लव्हडे ट्रेम्बाथ बाईंनी तीन पुस्तकं आणली
मासळीच्या पिशवीतून.
पेन्झान्सच्या बाजारात दुसरी मिळाली नाही म्हणे.
माझ्या टेबलावर सरस, मेणाचा दोरा,
आणि दिवसभर बांगड्याचा वास.

कादंबरी एकच. अनाथ पोर, करडी मावशी, वसतिगृहाची थंडी,
मग रस्ता, मग चूक, मग थोडी अक्कल.
व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात
मुलींना वयात यायला नऊशे पानं लागत.

पहिल्या आवृत्तीतली चित्रं लाकडावर कोरलेली.
गवताचं पातं न् पातं सुटं.
ठोकळे तेव्हा वाटून देत, एकाकडे आकाश, एकाकडे झगा;
सांधा मुलीच्या नेमका मानेतून गेलाय, पांढरी रेघ.
मी बोटानं पुसायला गेले. पुसायची नव्हती ती.

दुसरी रंगीत, पहिल्या महायुद्धाआधीची.
मजकुरात स्वच्छ लिहिलंय, नाक फताडं, केस केरसुणीसारखे.
चित्रकारानं ऐकलं नाही.
उपासमारीच्या प्रकरणातसुद्धा गालांवर लोणी.

तिसरी रेशनच्या दिवसांतली, कागद बिस्किटासारखा तुटणारा.
लिनोलियमवर कापलेली चारच चित्रं, काळी ठिक्कर;
चेहरा नाही, पाठमोरी मुलगी, हातात ट्रंक.
मला हीच आवडली. बाईंना नाही.
"पाठ काय बघायची," म्हणाल्या, "पाठ बघून झालीय माझी."

काम दुसऱ्या पुस्तकाचं होतं. एक चित्र गायब.
यादीत नाव आहे: 'फाटक मागे पडतं', पान एकशे चौऱ्याण्णवसमोर.
शिवणीपासून बोटभर सोडून, कात्रीनं, सरळ.
चोर असं कापत नाही.

"टॅमझिननं कापलं. थोरली माझी. छप्पन साली, सोळाची होती.
कॅम्बोर्नच्या खाणीतल्या एकाबरोबर ऑस्ट्रेलियाला.
आईच्या डब्यातले पैसे तसेच. चित्र घेतलं."
आणि पिशवीची घडी घालत,
"ट्रंक तरी न्यायची."

मी म्हटलं, एक्सिटरला एकजण आहे,
मोडक्या पुस्तकांची पानं सुटी विकतो,
पन्नास पौंड, लावलेलं कळणारसुद्धा नाही.
हो म्हणाल्या.
मग बराच वेळ काहीच म्हणाल्या नाहीत.

रात्री टाके उसवताना
चित्रावरचा झिरझिरीत कागद हाताला लागला.
तो तिनं नेला नव्हता. कोण नेईल?
दिव्यासमोर धरला.
वर्षानुवर्षं चित्राला चिकटून बसलेल्या त्या कागदावर
शाईनं हळूहळू उतरवलेली तपकिरी सावली:
फाटक, पायवाट, मुलगी. उलटी, आरशातल्यासारखी.
मला वाटलं, उलटी म्हणजे आता परत येत असेल.
तसं नसतं. फक्त डाव्याचं उजवं होतं.
कागद फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिला,
दोन्हीकडून ती जातच होती.

गुरुवारी बाईंपुढे दोन्ही ठेवली,
एक्सिटरहून आलेलं चकचकीत चित्र
आणि हा, फुंकरीनं उडेल असा.
चकचकीताकडे त्यांनी पाहिलं, सून बघावी तसं.
मग चष्मा काढून कागदावर वाकल्या.
रंग उतरले नव्हते. गालांवर लोणी नव्हतं.
चेहऱ्याच्या जागी एक डाग, मध्ये जरा पसरलेला.
"नाक बघा," म्हणाल्या.
"फताडं."
आणि हसल्या की काय ते मला कळलं नाही,
खिडकीबाहेर सीगल फार ओरडत होते.

एक्सिटरचं चित्र त्या स्वयंपाकघरात लावणार आहेत,
पैसे दिलेत तर भिंत तरी झाकेल.
कागद मी होता तिथेच शिवला.
पावती लिहिली: टाके, सरस, पाठीचं कातडं.
कागदापुढे आकडा घातला नाही.

पिशवी त्या इथेच विसरल्या.